सील केलेली फाइल खरंच बंद असते का?

मी इंदूरला वकिली करते. ई-फायलिंगमुळे आमची धावपळ पुष्कळ कमी झाली. तरीही अमेरिकेच्या संघीय न्यायालयांनी जानेवारी २०२१मध्ये घेतलेला एक निर्णय मला आपल्या कामाचा वाटतो. अतिसंवेदनशील कागदपत्रं ऑनलाइन दाखल करून घ्यायचीच नाहीत, असं त्यांनी ठरवलं.

महिनाभर आधी सोलरविंड्स कंपनीच्या ‘ओरायन’ सॉफ्टवेअरमधली घुसखोरी उघडकीला आली होती. हॅकरांनी कंपनीच्या अधिकृत अपडेटमध्येच घातक कोड मिसळला होता. तो सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत पोचला. त्यात अमेरिकेची सरकारी खातीही होती. न्यायालयांच्या ई-फायलिंग यंत्रणेतही शिरकाव झाल्याची शंका आली.

त्या यंत्रणेत सील केलेल्या फायलीही असतात. त्या लोकांना दिसत नाहीत, पण असतात तिथेच. एखादीत पोलिसांच्या खबऱ्याचं नाव असतं, एखादीत अजून न झालेल्या झडतीचा अर्ज. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. खबऱ्याचं नाव फुटलं तर त्याच्या जिवावर बेततं.

म्हणून असे दस्तऐवज कागदावर किंवा पेन ड्राइव्हसारख्या साधनावर प्रत्यक्ष आणून द्यायचे आणि न्यायालयानं ते नेटवर्कला न जोडलेल्या स्वतंत्र संगणकावर ठेवायचे, असा नियम झाला.

हा नियम सरसकट नव्हता, हे मला विशेष पटलं. अनेक दिवाणी दाव्यांतली सील केलेली कागदपत्रंसुद्धा एवढी संवेदनशील नसतात, असं तेव्हाच स्पष्ट केलं गेलं. न्यायालयाचं काम लोकांना दिसायला हवं. भीतीपोटी सगळंच कपाटात गेलं तर तेही नुकसानच. धोका मात्र टळलेला नाही. ऑगस्ट २०२५मध्ये याच न्यायालयांनी आपल्या यंत्रणेवरचे हल्ले वाढल्याचं जाहीर करून बंदोबस्त आणखी कडक केला.

आमच्याकडे पक्षकार आधार कार्डापासून डॉक्टरांच्या अहवालापर्यंत सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर धाडतात. नवऱ्यापासून लपून राहणारी बाई आपला नवा पत्ता फोनवर टाइप करू लागली की मी म्हणते, “ताई, तेवढं समक्ष येऊन सांगा.”

घरातली ऑनलाइन कामं हल्ली तुम्ही मुलंच करता. कुठलीही फाइल चढवण्याआधी एवढंच विचारा : ही फुटली तर कोणाचं काय बिघडेल, आणि ते पुन्हा नीट करता येईल का?