बस्टर कीटनचे वेडेवाकडे घर

बस्टर कीटनचा जन्म १८९५ साली अमेरिकेत रंगमंचावर खेळ करणाऱ्या कुटुंबात झाला. खेळात वडील त्याला इकडून तिकडे फेकत. इजा न होता पडायचे कसे, हे तो तिथेच शिकला. १९१७ मध्ये विनोदी नट रॉस्को आर्बकलसोबत तो मूकपटांत आला.

‘वन वीक’ हा त्याचा १९२०चा दोन रिळांचा लघुपट आजही ताजा वाटतो. नवविवाहित जोडप्याला घराचे सुटे भाग खोक्यांतून भेट मिळतात. नवरीने नाकारलेला एक जण खोक्यांवरचे आकडे बदलतो आणि घर उभे राहते ते पार वेडेवाकडे. वादळात ते गरागरा फिरते; हे घर खरेच बांधून फिरत्या तळावर बसवले होते. शेवटी दुसऱ्या जागी ओढून नेताना ते रुळांवर अडकते. आगगाडी येते, दोघे डोळे झाकतात, गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. हायसे वाटते न वाटते तोच उलट दिशेने दुसरी गाडी येऊन घराचा चुराडा करते. प्रेक्षकाला आधी निर्धास्त करून मग तडाखा द्यायचा, यात कीटनचा हात धरणारे फार थोडे. नवरीच्या भूमिकेतल्या सिबिल सीलीचे कामही तितकेच सरस आहे. २००८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत या लघुपटाचा समावेश झाला.