याहामोगीची टोपली आणि मक्याचा देव

महाशिवरात्र जवळ आली की नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या गावांतून आदिवासी कुटुंबे देवमोगऱ्याच्या यात्रेस निघतात. सातपुड्यातील हे स्थान आज गुजरातच्या सागबारा तालुक्यात आहे; पण भाविकांना राज्याची सीमा ठाऊक नसते. बांबूच्या टोपलीत नवे धान्य घालून ते याहामोगीला अर्पण करतात. ही देवी धान्याची स्वामिनी. कणी-कणसरी हे नावही तिच्याशी निगडित आहे. नवे पीक आधी देवाला, मग चुलीवर, हा ‘नवाई’चा दंडक. सुशिक्षितांना यात केवळ भाबडेपणा दिसतो. वस्तुतः कापणी आणि उपभोग यांच्यामध्ये क्षणभर थांबावयास लावणारी ही व्यवस्था आहे, आणि पुढील पेरणीसाठी उत्तम कणसे बाजूस काढण्याची सवड तिच्यातच मिळते.

या मुलखाची भाकरी ज्वारीची, तशीच मक्याचीही. हा मका मात्र इथला नव्हे. सुमारे ९००० वर्षांपूर्वी मेक्सिकोत एका रानगवतापासून माणसाने तो घडविला आणि कोलंबसानंतर तो समुद्रमार्गे भारतात आला. त्याच्या मायभूमीत तो प्रत्यक्ष देव होता. अ‍ॅझटेकांचा सेंतेओत्ल हा मक्याचा देव, चिकोमेकोआत्ल ही अन्नधान्याची देवी. क्वेत्झाल्कोआत्ल या देवाने मुंगीचे रूप घेऊन डोंगराच्या पोटातून मक्याचे दाणे बाहेर आणले, अशी त्यांची कथा आहे. (अ‍ॅझटेक म्हटले की आपल्याला नरबळीच तेवढे आठवतात!) माया लोकांच्या ‘पोपोल वूह’ या ग्रंथात तर देवांनी माणूस प्रथम मातीचा केला, तो विरघळला, मग लाकडाचा केला, त्याला हृदय नव्हते, अखेर मक्याच्या पिठाचा केला, तो टिकला. १५६२ मध्ये दिएगो दे लांदा या धर्मोपदेशकाने माया पोथ्यांची होळी केली. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सिस्को हिमेनेझ या दुसऱ्या धर्मोपदेशकानेच ‘पोपोल वूह’ उतरवून घेतला, म्हणून तो आज वाचावयास मिळतो.

परका मका आपल्या देवीने टोपलीत सामावून घेतला. खरा पेच निराळाच आहे. संकरित मक्याचे पीक भरघोस येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याचे दाणे राखून पुढील वर्षी पेरले तर उतारा घटतो. म्हणजे दरवर्षी रोख पैसा मोजून नवी पिशवी आणणे आले, आणि पेरणीच्या तोंडावर रोख पैसा अनेकदा कर्जाऊच असतो. बी राखून ठेवण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केला आहे. पण जे राखून लाभ नाही, तिथे हक्काचा उपयोग काय?

मेक्सिकोने मार्च २०२५ मध्ये जनुकीय परिवर्तित मक्याच्या लागवडीस थेट राज्यघटनेतच बंदी घातली. आपल्याकडे धडगाव तालुक्यात ‘बाएफ’ या संस्थेने गावकऱ्यांच्या साह्याने मका व ज्वारीचे स्थानिक वाण गोळा करून बियाणे जतन केले आहे. हे वाण जतन करणाऱ्याला त्याच्या श्रमाचा मोबदला कोणी द्यावयाचा, हे मात्र अद्याप कोणत्याही अंदाजपत्रकाने नीटसे ठरविलेले नाही.