कुंभाच्या आतला लेप

काय आंबवावे यापेक्षा कशात आंबवावे, या प्रश्नाने मला कितीतरी वर्षे धरून ठेवले आहे. घरी बिअर करणारे हौशी लोक देशोदेशी काचेचा कार्बॉय, प्लास्टिकची बादली आणि स्टीलची टाकी यांवरून हिरीरीने भांडतात. काच फुटते, प्लास्टिकच्या ओरखड्यांत जंतू दडतात आणि त्याच्या भिंतीतून प्राणवायू झिरपतो, स्टील महाग पडते. या भांडणात मातीच्या भांड्याला कुणीच विचारत नाही, आणि मला ते खटकत आले आहे.

आपल्याकडे प्रश्न आधी कायद्याचा येतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणे गुन्हा आहे, आणि १९४९च्या दारूबंदी कायद्याचे ६५वे कलम मद्य बनवण्याच्या हेतूने नुसती भांडी बाळगण्यालाही शिक्षा सांगते. पुण्यात २००९ साली सुरू झालेल्या डूलालीसारख्या परवानाधारक मद्यशाळांनी स्टीलच्या टाक्या वापरल्या. तिथे भांड्याचा प्रश्न मिटला. पण जामखेडसारख्या ज्वारीच्या मुलखाकडे पाहिले की तो पुन्हा उभा राहतो. ज्वारीची बिअर होते, यात शंका नको: नायजेरियाने १९८८मध्ये बार्लीच्या माल्टची आयात बंद केली आणि तिथल्या कारखान्यांनी ज्वारीकडेच मोर्चा वळवला. अडचण उन्हाळ्याची आहे. नेहमीच्या एल यीस्टला साधारण २० अंश मानवतात, आणि जामखेडचा एप्रिल चाळिशीला टेकतो.

आंबवण्याच्या भांड्यांचे जुने दाखले शोधताना मला सर्वांत श्रीमंत सापडले ते चरकसंहितेतले मधूकासव. चिकित्सास्थानाच्या पंधराव्या, ग्रहणीच्या अध्यायात ते आहे. मोहाची फुले इतर द्रव्यांसह पाण्यात आटवायची, निवल्यावर मध घालायचा आणि महिनाभर कुंभात ठेवायचे. कुंभ मात्र साधा नाही. त्याला आतून वेलदोडा, कमळाचा देठ, अगरू आणि चंदन यांचा लेप द्यायला सांगितला आहे. आधीच्या, मूळव्याधीच्या अध्यायातल्या अभयारिष्टाला घृतभाजन, म्हणजे तूप मुरलेले भांडे लागते. भांडे कोणते यापेक्षा त्याची आतली भिंत कशी, याची काळजी हे जुने वैद्य करत होते. ओरखड्यांची चिंता करणारा आजचा हौशी माणूस याच प्रश्नाशी झुंजतो आहे.

तूप मातीची छिद्रे बुजवते. त्यामुळे द्रव झिरपत नाही आणि जंतूंना दडायला जागा उरत नाही. पण झिरपणे थांबले की माठाचा गारवाही संपतो, कारण तो बाष्पीभवनातून येतो. म्हणून आसवारिष्टांची, म्हणजे आंबवलेल्या औषधांची, भांडी धान्याच्या राशीत ठेवण्याची रीत मला अतिशय शहाणपणाची वाटते. रास भांड्याला दिवसाच्या तापातून आणि रात्रीच्या गारठ्यातून वाचवते. ज्वारीच्या पट्ट्यातले धान्य साठवायचे पेव तेच काम आणखी चांगले करते: जमिनीखाली तापमान फारसे हलत नाही. गोव्यात काजूचा रस आंबवायचे मातीचे मडके, कोडें, तेही अर्धे जमिनीत पुरतात.

तरीही बिअरसाठी घृतभाजन मी सुचवणार नाही. स्निग्धपणा बिअरचा फेस मारतो आणि तूप खवट होते. शिवाय आसवारिष्टांचे संरक्षण त्यांच्या मद्यार्कात आहे. आयुर्वेदाचा ग्रंथकार शार्ङ्गधर याने मात्रा न सांगितलेल्या अरिष्टांसाठी एक द्रोण द्रवाला एक तुला गूळ आणि त्याच्या निम्मा मध सांगितला. द्रवाचे माप दुप्पट धरण्याचा संकेत लावला तर हा हिशेब सुमारे साडेचोवीस लिटरला ७.२ किलो गोडव्याचा होतो. ती साखर पूर्ण आंबली तर मद्यार्क माझ्या हिशेबाने १२ टक्क्यांच्या आसपास जातो. बिअरचे ५ टक्के तिला तसे सांभाळू शकत नाहीत, म्हणून तिचे भांडे अधिक काटेकोरपणे स्वच्छ हवे. आतून स्टील, बाहेरून पेव, असे माझे मत आहे.

पेवही इथल्या जमिनीत विशीपर्यंत उतरत नाही, पंचविशीच्या आसपासच राहते. त्यावर उत्तर नॉर्वेच्या शेतघरांतून आले आहे. व्हॉसच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या जपलेले क्वाइक नावाचे यीस्ट ३० ते ४० अंशांतही स्वच्छ चवीची बिअर देते. तिथले शेतकरी ते लाकडी कड्यांवर वाळवून ठेवत, आणि आंबवायला ठेवलेले भांडे थंड करण्याऐवजी ऊब टिकावी म्हणून गुंडाळत. भांडे निवडण्याआधी यीस्ट निवडा, असे मी आता म्हणतो. ते उष्णता सोसणारे असेल, तर जामखेडच्या एप्रिलमध्ये टाकीला शीतयंत्राची गरज उरत नाही.