पोरगं ‘बिघडलं’ की वाढतंय? किशोरवयीन मनाविषयीचे आठ गैरसमज

रविवारची वंदना संपली की विहारात बायका थोडा वेळ बसतात. मागच्या खेपेला आरोग्याचा विषय निघाला. रक्तदाब झाला, साखर झाली, गुडघे झाले. शेवटी एक ताई हळूच म्हणाल्या, “माझा नववीतला पोरगा पहिल्यासारखा राहिला नाही. काही बोललं की अंगावर येतो, नाहीतर भिंतीकडं तोंड करून पडून राहतो. त्याचे पप्पा म्हणतात मोबाईलनं बिघडवला, सासूबाई म्हणतात कुणाची तरी नजर लागली. मी काय समजू?” त्यांचे बोलणे संपायच्या आत आणखी चार-पाच जणींनी मान डोलावली होती.

म्हणून या वेळचे पान या प्रश्नासाठी. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय म्हणते. या वर्षांत शरीर बदलते ते सगळ्यांना दिसते. उंची वाढते, आवाज फुटतो, मिसरूड फुटते, पाळी सुरू होते. मेंदू आणि मनही तेवढेच बदलत असतात, पण ते दिसत नाही. जे दिसत नाही त्याविषयी वस्तीत समज फार. एकेक घेऊन पाहू.

गैरसमज १ : “बापाएवढा झाला, आता अक्कलही तेवढीच पाहिजे.”

शरीर आणि मेंदू एकाच वेगाने वाढत नाहीत. राग, आनंद, धाडस, नव्या गोष्टीची ओढ यांच्याशी जोडलेले मेंदूचे भाग किशोरवयात जोरात काम करू लागतात. पुढचा विचार करणे, स्वतःला आवरणे, ‘याचा परिणाम काय होईल’ हे तोलणे, ही कामे मुख्यतः कपाळामागचा भाग करतो. तो सर्वांत शेवटी, साधारण पंचविशीच्या आसपास पक्का होतो. म्हणजे गाडीचा वेग वाढलेला असतो, पण ब्रेक अजून पूर्ण बसलेला नसतो.

म्हणूनच शांतपणे विचारले तर मुलगा अगदी शहाण्यासारखे उत्तर देतो आणि मित्र सोबत असले की तोच तीन जणांना बसवून बाईक पळवतो. त्याला कळत नाही असे नाही. भावनेच्या भरात कळलेले वळत नाही. यावरून एक साधा नियम निघतो : तो रागात असताना उपदेश करू नका. तासाभराने, जेवताना किंवा सोबत चालताना बोला.

याचा अर्थ त्याला मोकळे सोडावे असा नाही. याच वयात मेंदू सवयी झटपट शिकतो. घरखर्चाचा हिशोब ठेवणे, धाकट्याचा अभ्यास घेणे, बँकेत जाऊन पासबुक भरून आणणे अशी खरी जबाबदारी दिली की ब्रेक बसायला मदतच होते.

गैरसमज २ : “या वयात पोरं अशीच वागतात, आपोआप ठीक होईल.”

किशोरवय म्हणजे वादळ, ही कल्पना जुनी आहे. स्टॅन्ली हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०४ साली किशोरवयावर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हापासून ती जगभर पसरली. पुढच्या अभ्यासांतून दिसले की बहुतेक मुलांचे आई-वडिलांशी भांडण होते ते किरकोळ गोष्टींवरून : केस, कपडे, फोन, घरी यायची वेळ. मोठ्या गोष्टींत बहुतेक मुले घराच्या जवळच राहतात. किरकोळ कुरबूर हा मोठे होण्याचा भाग आहे, तिला घाबरू नये.

पण उलटी चूक जास्त महागात पडते. मूल खरोखर त्रासात असते आणि आपण ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या वयातल्या दर सात मुलांपैकी सुमारे एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो. आपल्या गल्लीतली मुले मोजून पाहा, म्हणजे हा आकडा किती जवळचा आहे ते कळेल.

गैरसमज ३ : “आळशी झालाय, सकाळी उठतच नाही.”

झोप आणणारे संप्रेरक किशोरवयात रात्री उशिरा वाढू लागते. त्यामुळे मुलांना लवकर झोप येत नाही आणि सकाळी जाग येत नाही. या वयात ८ ते १० तास झोप लागते. आता आपली खोली आठवा. अकरापर्यंत टीव्ही, त्यानंतर बाहेर कुणाचे तरी भांडण, पहाटे चारला नळाला पाणी. पाणी भरायला बहुतेक घरांत मुलगीच उठते आणि शाळेत पेंगते म्हणून बोलणीही तीच खाते.

झोप कमी पडली की चिडचिड वाढते, वाचलेले लक्षात राहत नाही. रात्री दहाला टीव्ही बंद करणे, फोन उशाशी न ठेवता दाराजवळ चार्जिंगला लावणे, पाण्याची पाळी घरातल्या सगळ्यांनी वाटून घेणे, यात पैसा लागत नाही.

गैरसमज ४ : “मुलगा रडत नाही, म्हणजे त्याला काही झालेलं नाही. मुलीचं तर सगळं पाळीमुळे.”

उदास माणूस कोपऱ्यात रडत बसतो, असे चित्र आपल्या डोक्यात असते. किशोरवयात उदासी बऱ्याचदा चिडण्याच्या रूपाने येते. मुलगा दार आपटतो, भावाला मारतो, क्रिकेट सोडतो. काहींचे सारखे डोके किंवा पोट दुखते आणि तपासणीत काही निघत नाही. ‘मुलासारखा मुलगा आणि रडतोस काय?’ असे लहानपणापासून ऐकलेल्या मुलाकडे दुःख दाखवायला रागाशिवाय दुसरी वाट उरत नाही.

मुलींचे दुःख आपण पाळीच्या खात्यात टाकून मोकळे होतो. पाळीच्या आधी दोन-चार दिवस चिडचिड होणे नेहमीचे आहे. पण ती महिनाभर गप्प असेल तर कारण दुसरे असू शकते. पाळी आल्यावर तिचे खेळणे बंद झाले का? रस्त्यात कुणी त्रास देते का? लग्नाचे बोलणे तिच्या कानावर गेले का? सोबत हिमोग्लोबिनही तपासून घ्या. रक्त कमी असले की थकवा येतो, कशात मन लागत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी यासाठीच असते. ती दप्तरात पडून राहू देऊ नका.

गैरसमज ५ : “आम्हीही मार खाऊनच मोठे झालो.”

झालो, हे खरे. पण मार खाऊन आपण काय शिकलो ते प्रामाणिकपणे आठवून पाहा. बहुतेक जण लपवायला शिकलो. मार खाणारे मूल चूक सोडत नाही, चूक सांगणे सोडते. पुढे त्याला कुणी गुटख्याची, नशेची सवय लावली, मुलीला कुणी फोटोवरून धमकावले, तर ते कळायला हवे तुम्हाला आणि कळते मात्र सगळ्यांत शेवटी तुम्हालाच.

नियम हवेतच. ते थोडे असावेत, कारण सांगून असावेत आणि सगळ्यांना सारखे असावेत. वडील रोज पिऊन येत असतील तर मुलाला व्यसनावर भाषण देऊन काही होत नाही.

गैरसमज ६ : “बाहेरची बाधा आहे.”

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. त्या आपण म्हणतो, मुलांकडून पाठ करून घेतो. तरीही मुलगी दातखिळी बसून पडली, मुलगा एकटाच बडबडू लागला की कुणीतरी शेजारीण गुपचूप पत्ता देते आणि आपण देवऋषीकडे जातो. यात घाबरलेल्या आईला दोष नाही. पण वेळ जातो, पैसा जातो आणि मुलाला त्रास होतो तो वेगळाच.

अचानक आवाज ऐकू येणे, कुणीतरी मारायला टपले आहे असे वाटणे, फिट येणे हे सगळे आजार आहेत आणि त्यांवर उपचार आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘आपण बौद्ध आहोत, ध्यानाला बसव, सगळं जाईल’ असेही काही जण म्हणतात. श्वासाकडे लक्ष देण्याच्या सरावाने मन शांत व्हायला मदत होते, मुलांना तो जरूर शिकवावा. पण आजार असेल तर ध्यान औषधाची जागा घेत नाही. अंगात ताप असताना आपण फक्त वंदना घेऊन थांबत नाही, हेही तसेच.

गैरसमज ७ : “गरिबाच्या पोराला कसलं डिप्रेशन? ती श्रीमंतांची थेरं.”

पैशाची ओढाताण, एका खोलीत सहा माणसे, घर तुटण्याची टांगती तलवार, घरातली भांडणे यांनी मनावरचा भार वाढतो, कमी होत नाही. त्यात आपल्या मुलांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. वर्गात ‘तुझी कॅटेगरी कुठली?’ असा प्रश्न येतो. कॉलेजात सवलतीवरून टोमणे बसतात. आडनाव ऐकून चेहरे बदलतात.

लहानपणीचा अपमान किती खोल जातो, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. १९०१ साली, नऊ वर्षांचे असताना, ते भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच बैलगाडीवाले त्यांना नेईनात, वाटेत प्यायला पाणी मिळेना. त्या प्रवासाने मनावर कायमची खूण उमटवली, असे त्यांनी मोठेपणी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये सांगितले. आपले मूल असे काही सोसून घरी येते तेव्हा ते गप्प असते, कारण आई-बापाला वाईट वाटू नये असे त्याला वाटते. ‘शाळेत कुणी काही बोललं का?’ हे आपणच विचारायला हवे. चूक तुझी नाही, हे त्याने आपल्या तोंडून ऐकायला हवे.

आणि एक नाजूक गोष्ट. ‘बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे आणि तुला दोन तास होत नाही?’ हे वाक्य आपण सगळेच बोलतो. घरातून पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलाच्या खांद्यावर आधीच सगळ्या घराची आशा असते. बाबासाहेबांचे नाव त्याला हिंमत द्यायला घ्यावे, टोचायला घेऊ नये. एका परीक्षेत कमी गुण पडले म्हणून चळवळ संपत नाही आणि आयुष्यही संपत नाही.

गैरसमज ८ : “मरायचं विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल.”

हा सगळ्यांत घातक गैरसमज आहे. प्रेमाने आणि सरळ विचारल्याने तसा विचार मनात भरत नाही. असेल तर तो बाहेर येतो आणि मुलाला हायसे वाटते. ‘तुला फार जड जातंय असं दिसतं. जगावंसं वाटत नाही, असं कधी मनात येतं का?’ एवढेच विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. ‘मरतो म्हणणारा मरत नाही’ हेही खोटे आहे. मूल तसे बोलले तर ते खरे धरा. त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी मदत घ्या. पोलिसांच्या भीतीने कुणी लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते. तिला काळजी आणि उपचार मिळायला हवेत.

डॉक्टरांकडे कधी जावे?

खालीलपैकी काही गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त टिकल्या तर :

- झोप किंवा भूक एकदम बदलणे
- आवडता खेळ, मित्र, अभ्यास सोडून देणे
- शाळेत जायला रोज नकार, गुण अचानक घसरणे
- सतत चिडणे, रडणे किंवा अजिबात न बोलणे
- व्यसन सुरू होणे

मरणाची भाषा, स्वतःला इजा करणे, नसलेले आवाज ऐकू येणे यांपैकी काहीही दिसले तर दोन आठवडे थांबायचे नाही, लगेच जायचे.

कुठे जावे?

‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १८ वर्षांखालील मुलांसाठी १०९८ आहे. मूल स्वतःही फोन करू शकते. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. अनेक सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुला-मुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिक आहे, आशाताईंना विचारा. सगळ्यांनाच गोळ्या देतात असे नाही, बऱ्याचदा सुरुवात बोलण्यानेच होते. उदासीवरच्या औषधांची नशेसारखी सवय लागत नाही. मात्र ती डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.

त्या ताईंनी घरी जाऊन मुलाला विचारले. पहिल्या दिवशी तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पाणी भरताना म्हणाला, “मला गणितात काहीच कळत नाही आई, आणि वर्गात सगळे हसतात.” बाधा नव्हती, आणि नुसता मोबाईलही नव्हता. आता विहारात दहावी-बारावी झालेली दोन मुले संध्याकाळी त्याच्यासोबत बसतात. चिडचिड अजून आहे, पण आता तो बोलतो. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जायचे, हे ताईंनी ठरवले आहे.

आज रात्री टीव्ही थोडा लवकर बंद करा आणि आपल्या मुलाशेजारी बसा. लगेच काही विचारले नाही तरी चालेल.

जय भीम.