उडीआधी खाली का दबायचं?

व्हॉलीबॉलच्या ब्लॉकरला गुडघे मोडलेल्या अवस्थेत क्षणभर स्थिर थांबवा आणि तिथूनच सरळ वर उडी मारायला सांगा. मग त्यालाच ताठ उभं राहून, झपकन खाली दबून उसळू द्या. दुसरी उडी काही सेंटिमीटरने उंच जाते. पुरुषांचं जाळं २.४३ मीटरवर असतं. तिथे एवढ्या फरकानेही गुण हातचा जातो.

याचं श्रेय बरीच वर्षं कंडरांना दिलं गेलं. दबताना टाचेमागची अकिलीस कंडरा रबरासारखी ताणली जाते, ऊर्जा साठवते आणि परत देते. हे खरंच आहे, पण नेदरलँड्सच्या मार्टेन बॉबर्ट यांनी सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये व्हॉलीबॉलपटूंवर केलेल्या अभ्यासात मुख्य कारण वेगळं निघालं: वेळ. स्नायू एका झटक्यात पूर्ण जोर लावू शकत नाही. स्थिर बैठकीतून निघालेला खेळाडू जोर चढण्याआधीच वर सरकू लागतो आणि ढकलण्याचं मोलाचं अंतर वाया जातं. दबणाऱ्याला मात्र खाली येणारं शरीर रोखावं लागतं. त्यातच स्नायू जोरात आलेले असतात, त्यामुळे वर जाताना पहिल्या इंचापासून पुरा रेटा मिळतो.

उडीची उंची ठरते पाय जमीन सोडतानाच्या वेगावर, तीही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. सेकंदाला ३ मीटर वेगाने सुटलेलं शरीर तिथून सुमारे ४६ सेंटिमीटर वर चढतं, वेग ३.३ मीटर झाला, तर ५५. वेगात दहा टक्के वाढ, उंचीत एकवीस! हा वेग कमवायला मिळतो तो जेमतेम पाव ते एक तृतीयांश सेकंद. म्हणूनच हात जोरात वर फेकणं ही हौस नव्हे. त्या झोक्याने शरीराचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि सुटतानाचा वेगही वाढतो.

मग नुसत्या बैठका आणि वजनं वाढवून भागेल का? बॉबर्ट आणि त्यांचे सहकारी व्हान सूस्ट यांनी १९९४ मध्ये संगणकावरच्या प्रतिकृतीत स्नायू बळकट केले, पण त्यांना मिळणाऱ्या आज्ञांचा क्रम जुनाच ठेवला. उडी चक्क कमी झाली. नव्या ताकदीनुसार क्रम जुळवल्यावरच ती वाढली. मला हा निष्कर्ष सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कंबर, गुडघा, घोटा ही साखळी नेमक्या वेळी उलगडायला शिकावी लागते, म्हणून ताकदीच्या व्यायामासोबत त्याच आठवड्यात प्रत्यक्ष उड्याही हव्यात. त्याही मोजक्या, पूर्ण जोराच्या आणि मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन. दमलेल्या पायांनी मारलेल्या शंभर उड्या संथ उडीचीच सवय लावतात.

प्रशिक्षकांना एकच विनंती. मुलांना बाकावरून उड्या मारायला लावण्याआधी त्यांचं उतरणं समोरून पाहा. गुडघे आत वळत असतील, तर आधी ते सुधारा, बाक नंतर.