कुलगुरूंची शाळा

कंपालातल्या मकेरेरे विद्यापीठात ‘मिसिंग मार्क्स’ म्हटलं की पुढची कहाणी कुणाला सांगावी लागत नाही. परीक्षा दिलेली असते, पेपर तपासलेला असतो, पण निकालपत्रकात त्या विषयापुढचा रकाना कोरा. प्राध्यापक म्हणतात, गुण विभागात दिले. विभाग म्हणतो, पुढे पाठवले. कुलसचिवांच्या कार्यालयात विचारावं तर आलेच नाहीत. पदवीदानाची यादी लागते आणि त्यात नाव नसतं. यावर उतारा म्हणून निकालाची संगणकप्रणाली आली. मग २०१७च्या फेब्रुवारीत, पदवीदान तोंडावर आलं असताना, त्या प्रणालीतच गुण परस्पर फिरवले गेल्याचं उघडकीला आलं. काही नावं यादीतून वगळली गेली, काही कर्मचारी निलंबित झाले. आधी गुण नुसते हरवत होते, आता ते आपोआप वाढूही लागले होते.

त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात काय झालं, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायचा निर्णय परीक्षांच्या तोंडावर झाला, राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना जावं लागलं. मुंबईतला प्रकार घाईचा, मकेरेरेतला लबाडीचा. दोन्ही एका मापाने मोजणं बरोबर नाही. पण संगणक विभागाला पुढे करून वरच्यांना हात झटकता येत नाहीत, हे दोन्हीकडे सारखंच दिसलं. कोणत्या टेबलावर कोण गुण भरणार, भरलेला गुण बदलायचा तर कुणाची सही लागणार, बदल कुणी आणि कधी केला याची नोंद कोण वाचणार, हे ठरवणं प्रोग्रामरचं काम नाही. ते विद्यापीठ चालवणाऱ्याचं काम आहे. आणि विद्यापीठ चालवणारी व्यक्ती बहुधा आयुष्यभर वनस्पतिशास्त्र नाहीतर इतिहास शिकवून त्या खुर्चीत आलेली असते.

आफ्रिकेतल्या कुलगुरूंना, अधिष्ठात्यांना, कुलसचिवांना ‘डिजिटल परिवर्तना’चं नेतृत्व शिकवण्याचा उद्योग गेल्या काही वर्षांत चांगलाच फोफावला आहे. उद्योग हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. त्यात चांगलं बरंच आहे, पण तिकडे वळण्याआधी मकेरेरेचा रकाना मुळात कोरा का राहू लागला, ते पाहायला हवं.

महमूद ममदानी हे नाव अलीकडे न्यूयॉर्कच्या महापौरांचे वडील म्हणून आपल्याकडे पोचलं. जन्म १९४६चा, मुंबईतला, वाढले कंपालात. मकेरेरेवर त्यांनी २००७ साली ‘स्कॉलर्स इन द मार्केटप्लेस’ हे पुस्तक लिहिलं. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेचं म्हणणं असं की आफ्रिकेत उच्च शिक्षणावरच्या पैशाचा परतावा कमी, तेव्हा सरकारांनी प्राथमिक शिक्षणाकडे पाहावं. सरकारी पैसा आटला. नव्वदच्या दशकात मकेरेरेने फी भरणारे विद्यार्थी घ्यायला सुरुवात केली, संध्याकाळचे वर्ग भरले, आणि काही हजारांची विद्यार्थिसंख्या तीस हजारांपलीकडे गेली. प्राध्यापक, कारकून, कपाटं त्या प्रमाणात वाढली नाहीत. ‘मिसिंग मार्क्स’ची मुळं या गर्दीत आहेत. जिथे कागदाचीच साखळी तुटलेली, तिथे तिच्यावर सॉफ्टवेअर बसवलं तर तुटलेली साखळी वेगाने फिरते, एवढंच.

गंमत अशी, की १९९७ साली याच जागतिक बँकेने ‘आफ्रिकन व्हर्च्युअल युनिव्हर्सिटी’ काढली. सुरुवात वॉशिंग्टनमधून. अमेरिका-युरोपातले प्राध्यापक बोलत, उपग्रहावरून ते आफ्रिकेतल्या वर्गांत दिसत, शंका असतील तर फोन किंवा ई-मेल. २००२ मध्ये मुख्यालय नैरोबीला आलं, पुढच्या वर्षी ती आफ्रिकी देशांची आंतरसरकारी संस्था झाली. पण पहिली पाच वर्षं यजमान विद्यापीठाच्या कुलगुरूंनी करायचं काय, तर एक खोली द्यायची, तबकडी बसवू द्यायची आणि उद्घाटनाची फीत कापायची. अभ्यासक्रम कुणाचा, वेळापत्रक कुणाचं, यात त्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता.

आपण भारतीयांनी यावर फार हसू नये. २००४ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी जोहान्सबर्गच्या पॅन-आफ्रिकी संसदेपुढे उपग्रह आणि फायबरचं जाळं विणायचा प्रस्ताव मांडला आणि २००९च्या फेब्रुवारीत त्याचं उद्घाटन झालं. सरकारी टीसीआयएल कंपनीने ते उभारलं. इग्नू, ॲमिटी, मद्रास विद्यापीठ अशा संस्थांचे वर्ग आफ्रिकेतल्या चाळीसहून अधिक देशांत पोचले. मकेरेरे हे त्यातलं पूर्व आफ्रिकेचं केंद्र. हजारो विद्यार्थ्यांना पदव्या-पदविका मिळाल्या, हे खरंच मोठं काम. २०१७ मध्ये प्रकल्पाची मुदत संपली, २०१९ मध्ये इंटरनेटवरून चालणारा ई-विद्याभारती हा नवा अवतार आला. मधल्या काळात केंद्रातल्या पडद्यांचं आणि बॅटऱ्यांचं काय करायचं, ते ज्याच्या आवारात ते होते त्याने पाहायचं. देणगी येते तेव्हा ती किती वर्षांची आहे आणि नंतरचं बिल कुणाच्या नावावर फाटणार, हे पहिल्याच बैठकीत विचारायला शिकवलं तर प्रशिक्षणाचा निम्मा खर्च वसूल झाला असं मी समजेन.

हे विचारणं आफ्रिकेतले काही कुलगुरू शिकले, ते मात्र कार्यशाळेत नाही. बाजारात शिकले.

२००६च्या सुमारास आफ्रिकी विद्यापीठांच्या इंटरनेटची एक पाहणी झाली. तिचा निष्कर्ष असा, की सरासरी विद्यापीठाकडे मिळून असलेली बँडविड्थ युरोपातल्या एका घरच्या जोडणीएवढी आहे, आणि तिच्यासाठी ते जगातल्या इतर विद्यापीठांच्या सुमारे पन्नासपट दर मोजतं. केनिया, टांझानियाच्या किनाऱ्याला तेव्हा समुद्राखालची केबलच लागलेली नव्हती. सगळा कारभार उपग्रहावर. प्रत्येक विद्यापीठ एकेकटं कंपनीशी बोले आणि कंपनी सांगेल तो भाव देई. मग विद्यापीठांनी आपल्याकडच्या दूध सोसायटीसारखं केलं: एकत्र येऊन घाऊक खरेदी. केनियात १९९९ मध्ये ‘केनेट’ निघालं होतंच. युगांडात २००६ मध्ये विद्यापीठांच्या आणि संशोधन संस्थांच्या प्रमुखांनी ‘रेनू’ स्थापन केलं. अशा देशोदेशींच्या जाळ्यांची पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतली ‘उबुंटुनेट अलायन्स’ मलावीतल्या लिलाँग्वेतून चालते, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेची ‘वाकरेन’ घानातल्या अक्रातून. २००९च्या जुलैत सीकॉमची केबल आली. तिचं एक टोक मुंबईच्या किनाऱ्याला लागलेलं आहे. पाठोपाठ इतर केबल आल्या, युरोपीय संघाचं ‘आफ्रिकाकनेक्ट’मधून साह्य आलं, आणि घाऊक खरेदीची यंत्रणा आधीच उभी असल्यामुळे स्वस्ताईचा वाटा विद्यापीठांच्या पदरात पडला.

या मंडळांवर संगणक विभागाचे प्रमुख नव्हे, तर संस्थांचे प्रमुख बसतात, ही मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. वर्गणी थकली की शेजारच्या विद्यापीठाचा कुलगुरू समोर बसून विचारतो. दर कसा ठरतो, करार किती वर्षांचा, लाइन बंद पडली तर भरपाई काय, हे त्यांच्या कानावर सतत पडत राहतं. प्रतिस्पर्धी विद्यापीठाबरोबर एकाच गल्ल्यात पैसे टाकायची सवय लागते. ही सवय कुठल्याही तीन दिवसांच्या कार्यशाळेतून लागणारी नाही.

आता कार्यशाळा. १९६७ मध्ये रबातला स्थापन झालेली आणि अक्राहून चालणारी असोसिएशन ऑफ आफ्रिकन युनिव्हर्सिटीज ही संस्था विद्यापीठप्रमुखांसाठी वेगळी आणि मधल्या फळीसाठी वेगळी शिबिरं घेते. दक्षिण आफ्रिकेत विद्यापीठांच्या संघटनेचा ‘हेल्म’ हा कार्यक्रम आहे. जर्मनीच्या ‘डाड’ या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेचा अधिष्ठात्यांसाठीचा अभ्यासक्रम मला त्यातल्या त्यात शहाणा वाटतो, कारण तिथे येणाऱ्याने आपल्या संस्थेतलं एक खरं दुखणं सोबत आणायचं असतं आणि त्यावरचा आराखडा करून घरी न्यायचा असतो. कॉमनवेल्थ विद्यापीठांच्या संघटनेने २०१७ पासून पूर्व आफ्रिकेत ‘पेबल’ हा प्रकल्प चालवला. प्राध्यापक अपुरे, तर एका विद्यापीठाने तयार केलेला ऑनलाइन विषय दुसऱ्यांनीही वापरावा, अशी कल्पना. ऐकायला साधी. पण बाहेरच्या विषयाचे श्रेयांक आपल्या पदवीत कसे धरायचे, ते विद्वत्सभेत मंजूर करून घ्यायला शिक्षकांचं प्रशिक्षण कामाला येत नाही. तिथे कुलगुरूंचं वजनच लागतं. शेनझेनमधलं युनेस्कोचं केंद्र २०१९ पासून आफ्रिकेतल्या विद्यापीठांना ऑनलाइन प्रशिक्षण देतं, काही ठिकाणी स्मार्ट वर्गखोल्याही देतं, आणि त्यात चिनी कंपन्या भागीदार आहेत. प्रशिक्षण आणि माल एकाच गाडीतून येतो, तेव्हा शिकणाऱ्याने डोळे जरा जास्तच उघडे ठेवावेत. पाश्चात्त्य देणगीदारांच्या गाडीलाही हेच लागू, फक्त तिचा रंग वेगळा.

या शिबिरांत ज्याला फारशी जागा नसते, ते करोनाने शिकवलं. दक्षिण आफ्रिकेत २०२० मध्ये सरकारी अर्थसाह्य मिळणाऱ्या विद्यार्थ्यांना महिन्याला ३० जीबी डेटा द्यायचं ठरलं. त्यातले १० जीबी दिवसा वापरायचे आणि २० जीबी फक्त रात्री. कंपन्यांचं जाळं रात्री मोकळं असतं, म्हणून तो भाग स्वस्त. हिशेब बिनचूक होता. पण एका खोलीत पाच-सहा माणसं झोपतात त्या घरातल्या मुलीने मध्यरात्रीनंतर पदार्थविज्ञानाचं व्याख्यान कुठे बसून ऐकायचं, हे त्या हिशेबात नव्हतं. व्याख्यानं हलकी करून, आवाज आणि मजकूर वेगळा करून दिवसाच्या दहा जीबीत बसवायची, हा निर्णय विद्यापीठाने घ्यायचा होता. लॅपटॉपची घोषणाही २०२०चीच. ते हातात पडायला २०२१ उजाडलं.

मकेरेरेत २०२० मध्येच, २० सप्टेंबरच्या पहाटे, मुख्य इमारतीला आग लागली. कुलगुरू बर्नबास नवांग्वे पेशाने वास्तुरचनाकार, आणि जळत होती विद्यापीठाची ओळख असलेली पांढरी मनोऱ्याची इमारत. छतापासून पेटत आलेल्या आगीत वित्त विभागाच्या आणि दप्तराच्या खोल्या सापडल्या. विद्यार्थ्यांना पहिली काळजी गुणांची. त्या नोंदींच्या प्रती आहेत, हे विद्यापीठाला तातडीने सांगावं लागलं. तीन वर्षांपूर्वी जिच्यावर कुणाचा भरवसा नव्हता, त्याच संगणकातल्या नोंदींचा आता आधार होता. इमारत २०२४ मध्ये पुन्हा उभी राहिली.

आणि सरकार? कॅमेरूनच्या इंग्रजीभाषक भागात २०१७च्या जानेवारीत सरकारने इंटरनेट तोडलं, ते ९३ दिवस. बुएआ विद्यापीठ त्याच भागातलं. गावातले तरुण संगणकवाले लॅपटॉप घेऊन फ्रेंचभाषक हद्दीजवळच्या बोनाको गावी जाऊन काम करू लागले. युगांडाने २०१८च्या जुलैपासून व्हॉट्सॲप, फेसबुक वापरायला रोज २०० शिलिंगांचा कर लावला, आणि वर्गाचे निम्मे निरोप तर व्हॉट्सॲपवरच फिरतात. २०२१ मध्ये तो गेला, त्याच्या जागी डेटावर बारा टक्के कर आला. त्याच वर्षी निवडणुकीच्या दिवसांत इंटरनेटच बंद होतं. कुलगुरूंची नेमणूक ज्या व्यवस्थेतून होते, तिच्याशीच या बाबतीत बोलायचं कसं, याचा धडा कुठल्या अभ्यासक्रमात मी पाहिलेला नाही.

नायजेरियात हे भांडण पगारावर आलं. संघराज्य सरकारने सगळ्या कर्मचाऱ्यांचा पगार अबुजातल्या एकाच संगणकप्रणालीतून, ‘आयपीपीआयएस’मधून द्यायचं ठरवलं. हेतू चांगला: पगारपत्रकावरची भुताची नावं शोधायची. प्राध्यापकांच्या ‘असू’ या संघटनेने ती नाकारली. त्यांचं म्हणणं असं, की विद्यापीठाचा कारभार मंत्रालयासारखा नसतो. कुणी वर्षभराच्या अभ्यासरजेवर दुसऱ्या विद्यापीठात शिकवतो, कुणी दोन ठिकाणी अर्धवेळ, कुणाला जादा तासांचा भत्ता. प्रणालीत यातल्या कशालाच रकाना नाही. शिवाय २००३च्या कायद्याने दिलेली स्वायत्तता जाते ती वेगळीच. नुसता नकार देऊन संघटना थांबली नाही. तिने ‘यूटास’ नावाची स्वतःची प्रणाली तयार करवली आणि सरकारच्या माहिती तंत्रज्ञान यंत्रणेकडे तपासणीसाठी दिली. तपासणीवरून पुन्हा वाद झाला. २०२० मध्ये सुमारे नऊ महिने आणि २०२२ मध्ये १४ फेब्रुवारीपासून आठ महिने विद्यापीठं संपामुळे बंद राहिली; इतर मागण्याही होत्या, पण पगाराचं सॉफ्टवेअर दोन्ही वेळा टेबलावर होतं.

या सगळ्यात कुलगुरू कुठे होते? अडकलेले. नवा व्याख्याता घ्यायचा तर अबुजाची मंजुरी, घेतला तर महिनोन्‌महिने त्याचा पगार सुरू नाही, आणि दारात संघटनेचे लोक. आपल्या विद्यापीठातल्या पगाराच्या गुंत्याची यादी प्रणाली तयार होण्याआधी कुलगुरूंनी एकत्र बसून केली असती आणि ती अबुजाला नेली असती, तर दोन संपांतला एक तरी विषय कमी झाला असता असं मला वाटतं. २०२३च्या डिसेंबरमध्ये मंत्रिमंडळाने विद्यापीठांना त्या प्रणालीतून सूट दिली. म्हणजे पगाराचा हिशेब पुन्हा विद्यापीठाच्या कचेरीकडे परतायचा, भुताची नावं आपणच शोधायची, आणि एखाद्याचा भत्ता चुकला तर अबुजाकडे बोट दाखवायची सोय यापुढे नाही.