मला कॉन्फिडन्स आहे, पण मी कॉन्फिडन्स नाही

पहिल्या वर्षाला असताना मी शिकवणीच्या एका कामासाठी मुलाखत द्यायला गेले होते. "स्वतःबद्दल सांगा," म्हटल्यावर मी ठासून म्हणाले, "आय अ‍ॅम व्हेरी कॉन्फिडन्स." समोरचे दोघे एकमेकांकडे बघून हसले. चूक कोणी सांगितली नाही आणि काम मिळालं नाही. यंदा दिवाळीच्या सुट्टीत घरी राजेगावला गेले, तर धाकट्या भावाच्या अर्जात तेच वाक्य! म्हणून हा लेख.

आमचं राजेगाव मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात. बाघ नदीचा पूल ओलांडला की महाराष्ट्र. घरी मराठी, शाळेत हिंदी, इंग्रजी फक्त पुस्तकात. पण या चुकीचं मूळ आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. "मला कॉन्फिडन्स आहे", "मला टेन्शन आहे" असं आपण सहज म्हणतो. भावना किंवा गुण सांगताना मराठीत "मला" आलं की पुढे बहुधा नाम येतं (मला आनंद आहे) आणि "मी" आलं की विशेषण (मी आनंदी आहे). "आहे" मात्र दोन्हीकडे तेच. इंग्रजीत इथे क्रियापदच बदलतं: "आय हॅव कॉन्फिडन्स", पण "आय अ‍ॅम कॉन्फिडन्ट".

ओळखायचं कसं? शब्दाआधी "माय" लावून बघा. "माय ऑनेस्टी" जमतं, म्हणजे ते नाम. आधी "व्हेरी" आणि पुढे माणूस ठेवून बघा. "अ व्हेरी ऑनेस्ट गर्ल" जमतं, म्हणजे ते विशेषण.

शब्दाचा शेवटही मदत करतो. आपण "प्रामाणिक"ला "पणा" लावून नाम करतो, तसं इंग्रजीत "काइंड"चं "काइंडनेस" होतं. उलट "होप" या नामाला "फुल" लागलं की "होपफुल" हे विशेषण. पण शेवट कधी फसवतो. "क्विकली" क्रियाविशेषण, "फ्रेंडली" मात्र विशेषण. आणि "मी बोअर झाले" याचं "आय अ‍ॅम बोअरिंग" करू नका, त्याचा अर्थ "मी कंटाळवाणी आहे" असा होतो! ज्याला कंटाळा येतो तो "बोअर्ड", जो आणतो तो "बोअरिंग".

काही शब्दांची जात वाक्यातलं काम बघूनच कळते. "शी इज अ कॅथलिक" यात कॅथलिक नाम, "अ कॅथलिक कॉलेज" यात विशेषण. मराठीत हे नवीन नाही. "शहाण्याला शब्दाचा मार" या म्हणीत "शहाणा" या विशेषणाला "ला" लागला आणि त्याचं नाम झालं. इंग्रजीत "द" लावून "द पुअर" म्हटलं की "गरीब लोक", तेही "एस" न लावता.

भावाने वाक्य सुधारलं आणि विचारलं, "दीदी, तुला हे कोणी सांगितलं?" कोणीच नाही, दोन वर्षं चुकत चुकत कळलं. त्या दिवशी हसण्याऐवजी कोणी एक वाक्य सांगितलं असतं, तर तेवढी वर्षं वाचली असती. तुमच्यासमोर कोणी असं चुकलं, तर हळूच सांगा.